गोड्या पाण्याची साय

यंदा पौषात घरी आले ती नेमकी हरभरा फुलावर असताना. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेतात गेले. बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि मी, बर्फाच्या देशात राहणारी बाई, आईची जुनी शाल गुंडाळून कुडकुडत होते. तिकडची थंडी अंगाला बाहेरून धरते. काळ्या मातीतली ही थंडी तळपायातून वर चढते. हरभऱ्याच्या तासांतून थोडी चालले तर सलवार पोटऱ्यांपर्यंत भिजली. पानांवर रात्रभर आंब उतरली होती. आंब म्हणजे नुसतं दव नव्हे. हरभऱ्याच्या पानांना सुटलेला आंबट घाम त्या दवात मिसळलेला असतो. शेंड्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. आधी आंबट, पाठोपाठ खारट.

ती चव लागली आणि एक जुना हिवाळा अंगावर आला. काही वर्षं झाली त्याला. आईची मूत्रपिंडं थकली तो हिवाळा.

आमचं गाव दर्यापूरच्या जवळ, पूर्णेच्या खोऱ्यात. एका बाजूला अमरावती, दुसऱ्या बाजूला अकोला, आणि मधे हा खारपाणपट्टा. डोळा पोचेल तिथपर्यंत काळीभोर सपाट जमीन आणि तिच्या पोटात खारं पाणी. इथे एके काळी समुद्र होता, म्हणून तर गावाचं नाव दर्यापूर, असं म्हातारी माणसं सांगायची. पुढे शिकले तेव्हा कळलं की गोष्ट इतकी सोपी नाही. पण लहानपणी मला तो समुद्र आपल्या घराखाली झोपलेला आहे असं वाटायचं. आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, चहात दूध घातलं की ते फाटायचं. प्यायचं पाणी दुरून आणायचं, आणि ते आईनंच आणायचं.

पावसाळा चांगला झाला की मात्र काही दिवस चैनीचे असत. विहिरीत वरच्या अंगाला पावसाचं पाणी साचायचं. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून गोडं वर तरंगून राही. आई त्याला साय म्हणायची. ही साय काढायची तिची रीत होती. बादली आपटायची नाही, बुडवायची नाही. दोर सैल सोडून तिला पाण्यावर नुसती लवंडू द्यायची, काठ बुडेल इतकीच, आणि अलगद वर घ्यायची. कोणी हिसका दिला की खालचं खारं ढवळून वर यायचं आणि सगळं पाणी एक होऊन जायचं. मग आई काही बोलत नसे. बादली पालथी करून घराकडे चालू लागायची, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

दर्यापूरची शाळा, मग अमरावतीचं कॉलेज, राजापेठेतल्या खोलीतले दिवस, मग गोवा, आणि शेवटी नॉर्वेच्या उत्तर टोकाचं एक बंदर. समुद्राच्या पाण्याची ऊब आणि खारटपणा मोजायचं काम मी करते. आई गावात सांगायची, पोरगी पाण्यात नोकरीले हाय. बाबा दर्यापूरच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. ते म्हणायचे, आम्ही दोघंही इंजिनाचं पाणीच तपासतो, तिचं इंजिन जरा मोठं आहे. त्यापलीकडे माझ्या कामाबद्दल घरात कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी बसून सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि बाबांचा फोन आला. आईच्या पायांवर सूज आहे, चेहरा सकाळी फुगलेला असतो, जेवण नको म्हणते. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. आमच्या पट्ट्यात हे दुखणं नवं नाही. गावातल्या किती घरांनी ते पाहिलं आहे. पाण्यानंच झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर भले होते. एका कारणावर बोट ठेवता येत नाही म्हणाले. रक्तदाब होता, वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या होत्या, आणि पाणीही होतं.

मी रजा टाकून आले. येताना एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. मार्चमध्ये बॅरेंट्स समुद्रात, बर्फाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या जहाजावर माझी जागा पक्की झाली होती. त्या जागेची मी किती काळ वाट पाहिली होती ते माझं मला ठाऊक. पण आईला पाहिलं आणि ठरवून टाकलं की नाही म्हणून कळवायचं, फक्त जरा थांबून.

मग सुरू झाल्या अमरावतीच्या खेपा. पहाटेची एसटी, खिडकीला फडकं कोंबलेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा आणि वेचणी होत आलेली कपाशी. धुकं असलं की पूर्णेवरचा पूल दिसायचा नाही, फक्त गाडीचा आवाज पोकळ व्हायचा आणि आपण पाण्यावर आहोत हे कळायचं. आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसायची. इतकी वर्षं तिच्या इतक्या जवळ मी बसले नव्हते. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. घरात गॅस येऊन किती दिवस झाले होते, पण तो वास गेला नव्हता.

डायलिसिसचा हॉल वरच्या मजल्यावर होता. सकाळचं ऊन पलंगांवर आडवं पडायचं. आईच्या डाव्या हातात शस्त्रक्रिया करून दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या, सुया टोचता याव्यात म्हणून. तिथं बोट ठेवलं की आतून घरघर लागायची, मांजराच्या गळ्यात असते तशी. आईला तिचं मोठं अप्रूप. आल्यागेल्याला हात पुढे करायची, पाह्य बरं कशी घुमून राहिली. मी बोट ठेवलं की काढावंसं वाटायचं नाही. आयुष्यभर प्रवाह मोजत आले होते, पण एखादा प्रवाह बोटाखाली असाच वाहत राहावा, थांबू नये, म्हणून जीव कधी टांगणीला लागला नव्हता.

त्या हिवाळ्यात सगळं खाण्याचं उतू चाललं होतं. बाजारात तुरीचे सोले, ओल्या हरभऱ्याचे घाटे, आणि हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग. आईला त्यातलं बहुतेक बंद. संत्रं तर मुळीच नाही. बाबा तरी दवाखान्याबाहेर एक संत्रं घ्यायचे, सोलायचे, फोडी मला द्यायचे आणि साल आईच्या हातात. ती साल नाकाशी धरून, डोळे मिटून, एसटी स्टँडपर्यंत यायची.

पण तिला खरी बंदी होती ती पाण्याची. दिवसभराचं मिळून थोडंसं पाणी, तेही घोटाघोटानं. आमच्या गावात नळाचं गोडं पाणी नुकतंच आलं होतं. अंगणात तोटी बसली होती, आड दिवसानं पाणी यायचं. जिनं उभ्या जन्मात डोक्यावरून पाणी वाहिलं, तिच्या दारात पाणी आलं आणि तिला ते पिण्याची परवानगी नव्हती. ती तोटीपाशी जाऊन बसायची. भरलेल्या बादलीत हात बुडवून ठेवायची. एकदा मी तिथं गेले तर म्हणाली, "हातानं पेऊन राहिली मी." हसत म्हणाली, आणि मी भांडी आत न्यायचं निमित्त करून निघून गेले.

एका सकाळी हॉलमध्ये, यंत्र सुरू झाल्यावर, तिनं विचारलं की तू तिकडं नेमकं करते काय. वेळ काढायचा होता म्हणून विचारलं असेल, पण विचारलं. मी सांगू लागले. अटलांटिक नावाच्या मोठ्या समुद्रातून कोमट, खारं पाणी नॉर्वेच्या किनाऱ्यानं वर जातं आणि बॅरेंट्स समुद्रात शिरतं. तिकडून, अगदी उत्तरेकडून, वाऱ्यानं ढकललेला बर्फ खाली येतो. बर्फ वितळला की त्याचं पाणी जवळजवळ गोडं, आणि ते वर पसरून राहतं. त्याच्याखाली कोमट खारं पाणी दबून असतं. वरचं पाणी असतं तोवर खालची ऊब वर येत नाही, आणि हिवाळ्यात पुन्हा बर्फ धरतो.

आई म्हणाली, "म्हंजे त्याच्यावर बी साय असते."

हो म्हटलं. आणि मग बाकीचंही सांगितलं. अलीकडे उत्तरेकडून येणारा बर्फ कमी झाला आहे. बर्फ कमी, म्हणून गोडं पाणी कमी. साय पातळ झाली आहे. वारा सुटला की वरचं आणि खालचं एक होतं, खालची ऊब वर येते, आणि मग त्या जागी बर्फ धरतच नाही. दक्षिणेकडचे मासे वर सरकतात, तिथले मासे आणखी वर जातात, आणि पुढे जायला जागा संपत येते.

"हिसका कोनं देल्ला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, धुरानं. कोळसा, तेल, कारखाने, गाड्या. सगळ्या जगाचा मिळून धूर. त्यात आपणही आहोत का, असं तिनं विचारलं. आपणही आहोत, पण थोडे; ज्यांचा धूर जास्त ते दुसरे, असं मी सांगितलं. बाजूच्या पलंगावरच्या अकोल्याच्या एक बाई ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं की मग तिकडं लोक जाऊन नुसते मोजतात का. उत्तर आईनं दिलं. दवाखान्यात दर खेपेला आपलं वजन करतात ते काहून करतात, म्हणाली.

पुढच्या खेपांना तीच समुद्र काढायची. मासे काय खातात, बर्फाला वास असतो का, जहाजात बायका किती. मी बोलत गेले. मला वाटतं, माझ्या कामाबद्दल इतकं प्रेमानं मी कोणत्याच सभेत बोलले नाही.

मूत्रपिंड बदलायची गोष्ट डॉक्टरांनी काढली तेव्हा मी माझं नाव पुढे केलं. तपासण्या झाल्या, जुळलं. मला हलकं वाटलं. आता जहाजाचा प्रश्नच उरला नाही. आईनं मात्र सरळ नाही म्हटलं. मी समजावलं, रडले, रागावले. एका मूत्रपिंडावर माणूस धडधाकट जगतो, हे डॉक्टरांकडून तिला वदवून दाखवलं. ती ऐकून घ्यायची आणि नाही म्हणून मान हलवायची. तोवर तिला जहाजाचंही कळलं होतं. माझ्या सहकारिणीचा फोन आला, मी अंगणात जाऊन बोलले. इंग्रजी आईला येत नव्हतं, पण माझा आवाज तिला येत होता. मी आत आले तर तिनं विचारलं, कुठं जायाचं होतं तुले. मग सगळं सांगावं लागलं.

त्या दुपारी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. बाबा तुरीच्या शेंगा सोलत होते. मी पुन्हा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "तुह्या अंगातलं मी एकदा घडवून देल्लं हाय. ते वापस घ्याले मले जमनार नाई."

बाबांनी शेंगा बाजूला ठेवल्या. तेही गुपचूप अमरावतीला जाऊन तपासून आले होते. ही गोष्ट त्यांनी तेव्हा, सालं गोळा करता करता सांगितली. माझं बी चालते म्हणे, असं म्हणाले. आई त्यांच्यावर उसळली. या वयात नसती हौस, तुमाले काई झालं तं. बाबांनी तिला बोलू दिलं. मग म्हणाले, "मी तुले इचारून नाई राहिलो. सांगून राहिलो." सगळ्या संसारात ते तिच्याशी या सुरात बोलले नव्हते. आईनं त्यांनी बाजूला ठेवलेल्या शेंगा ओढून घेतल्या आणि सोलू लागली.

कागदपत्रं, मंजुरी, नागपूरच्या दवाखान्याची तारीख, सगळं उन्हाळ्यावर गेलं. आईनं मला बजावलं की तू तुहं काम करून ये, तोवर मी हाय. हरभरा काढणीला आला तेव्हा मी निघाले.

बर्फाच्या कडेशी पोचलो तेव्हा तिकडे उजेड परतला होता. क्षितिजापर्यंत राखाडी पाणी, त्यावर पोळीसारखे बर्फाचे गोल तुकडे, एकमेकांना घासून कुरकुरणारे. तारेला बांधलेलं उपकरण आम्ही पाण्यात सोडायचो. ते तळापर्यंत जाता जाता पाण्याची ऊब आणि खारटपणा सांगत राही, आणि वर येताना जागोजागचं पाणी बाटल्यांत भरून आणी. पडद्यावर रेघ उमटायची. वर गार आणि कमी खारं, मग एक वळण, मग खाली कोमट आणि खारं. ते वळण म्हणजे साय जिथं संपते ती जागा. काही ठिकाणी ते ठळक होतं. काही ठिकाणी, जिथं आधीच्या माणसांना ते सापडलं होतं, तिथं रेघ वरपासून खालपर्यंत जवळजवळ सरळ आली. पाणी एक झालं होतं.

तिथंच निरोप आला. जहाजावर फोन लागत नसे, दोन ओळींचे संदेश तेवढे येत. आईच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं, श्वास लागला होता, अतिदक्षता विभागात नेलं होतं. बाबांनी कोणाकडून तरी टाईप करून घेतलं असावं, कारण भाषा पुस्तकी होती. शेवटी मात्र त्यांचं स्वतःचं एक वाक्य होतं: तू घाबरू नको, तुही माय जिद्दीची हाय.

जहाज वळणार नव्हतं, वळायला सांगण्यात अर्थही नव्हता. किनारा फार लांब होता. माझी पाळी होती. मी हातमोजे चढवून डेकवर गेले आणि बाटल्यांतलं पाणी काढत राहिले. हात इतके गारठले की तोट्या फिरेनात. शेजारी सहकारीण उभी होती. तिला कळलं होतं. तिनं माझ्या हातातली बाटली घेतली आणि तिची तोटी फिरवून परत दिली. असं आम्ही ती सगळी पाळी केलं. त्या पाण्याकडे पाहताना मला दुसरं काही दिसत नव्हतं, एका बाईचा श्वास तेवढा दिसत होता. पुढचा निरोप यायला बराच वेळ गेला. आई सावरली होती. पहिल्यांदा शुद्धीवर आली तेव्हा तिनं पोरीचं जहाज कुठवर आलं असं विचारलं, म्हणून बाबांनी कळवलं.

वैशाखात, नागपूर तव्यासारखं तापलेलं असताना शस्त्रक्रिया झाली. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं आणि मी मधल्या बाकावर. बाबा शुद्धीवर आले, दुखतंय म्हणाले, आणि मग चालू झालं का असं विचारलं, एखाद्या गाडीचं विचारावं तसं. चालू झालं होतं. आईच्या पलंगाला अडकवलेली पिशवी भरू लागली होती. दुसऱ्या दिवशी नर्स आली आणि आईला म्हणाली की आता भरपूर पाणी प्यायचं, नवं मूत्रपिंड धुतलं गेलं पाहिजे. आईला ते खरं वाटेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास भरून दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, आधी एक घोट घेतला आणि सवयीनं थांबली. मग प्याली. सगळा प्याली, आणि ग्लास पुढे केला. मी पुन्हा भरला. गळ्याची घाटी वरखाली होत होती, हनुवटीवरून पाणी ओघळून गाऊन भिजत होता, आणि ती पीत होती. मी पलीकडच्या खोलीत जाऊन बाबांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडून राहिले, फक्त पांघरुणाच्या आत त्यांचा खांदा हलत होता.

त्यानंतरचे हिवाळे बरे गेले. आई ठरल्या वेळी गोळ्या घेते, धुळीत जाताना तोंडाला फडकं बांधते, पौर्णिमेला विहारात जाते. प्रत्येक फोनला माझी खुशाली झाली की विचारते, तुह्या समुद्राचं कसं हाय. आजाऱ्याचं विचारावं तसं. मी आजवर बेस हाय म्हणत आले. फोनवर दुसरं काय सांगणार.

यंदा आल्यावर एकदा उन्हात बसून आम्ही हरभऱ्याची भाजी निवडत होतो तेव्हा तिनं तेच विचारलं, आणि मला बेस म्हणवलं नाही. मी सांगितलं की गेल्या खेपेला आम्ही बर्फाची कडा शोधत गेलो, तर जिथं ती असायची तिथं नुसतं उघडं पाणी होतं. लाटा होत्या. एखादं वर्ष बर्फ परत येतो, आशा वाटते, पुढच्या वर्षी पुन्हा मागे जातो. आणि हेही सांगितलं की हल्ली मला थकल्यासारखं होतं. दर वर्षी जायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं, आणि त्यानं त्या पाण्याला काडीचा फरक पडत नाही. अमरावतीला कॉलेजात शिकवायची एक जागा निघाली आहे. तुमच्याजवळ राहता येईल. या वेळी जहाजाला नाही म्हणावं असं मनात आहे.

आईनं भाजीतली काडी काढून टाकली. आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. ती घरघर अजून तिथं आहे. मग म्हणाली, "तू तवा माह्यापाशी बसून राहायची, त्यानं माहं दुखनं कमी होत नोतं. पन तू बसली होती, म्हनून मी निघाली त्याच्यातून. तुह्या समुद्राले कोन हाय बाई, तिकडं?"

बाबा तोटी सोडायला अंगणात आले, पाण्याचा आवाज सुरू झाला. आई टोपली काखेत घेऊन उठली आणि जाता जाता म्हणाली की तुहे जहाजावरचे गरम मोजे मी उन्हात टाकले हाय, संध्याकाळी काढून ठेवजो, दमट होतीन नाई तं.